उंचीवरून पाहणे: ताटस्थ्य आणि उत्तरदायित्व

१

कोलकात्याहून मुंबईकडे येणारे विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून अडीच-पावणेतीन तासांत देशाची पूर्व-पश्चिम रुंदी ओलांडते. हिवाळ्यातील निरभ्र सकाळी खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला बंगालमधील भातखाचरांची जाळी, छोटा नागपूर पठाराची दक्षिण कड, महानदीचे खोरे, छत्तीसगढचे मैदान, वैनगंगेच्या आसपासचे तलाव, वऱ्हाडातील काळी जमीन आणि अखेरीस सह्याद्रीचा तुटलेला कडा असा क्रम दिसत जातो. पायी चालणाऱ्याला जो प्रदेश ओलांडायला महिने लागले असते, तो येथे चहाचा पेला रिकामा होईपर्यंत मागे पडतो. प्रवासी तो पाहतो, काही काळ त्यात रमतो आणि विसरतो. या पाहण्याचे नैतिक स्वरूप काय, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. कारण खिडकीतून पाहणे ही कृती आहे असेच कोणी मानत नाही. जी कृती नाही तिला नीतीचे निकष लावण्याचे प्रयोजनही उरत नाही.

तथापि उंचीवरून पाहण्याविषयी नैतिक स्वरूपाचे दोन निर्णय पाश्चात्त्य विचारपरंपरेत फार पूर्वीपासून दिले गेले आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत. पहिला निर्णय उंचीच्या बाजूचा आहे. सिसेरोच्या राज्यविषयक ग्रंथाच्या सहाव्या भागात सिपिओ स्वप्नात नक्षत्रमंडळात जातो आणि तेथून त्याला पृथ्वी इतकी लहान दिसते, की रोमचे साम्राज्य हा तिच्यावरचा एक बिंदू ठरतो व त्याला त्याची लाज वाटते. येथे उंची अहंकाराचे निरसन करते. दुसरा निर्णय उंचीच्या विरुद्ध आहे. डॉना हॅरावे यांनी १९८८ मध्ये, कोठूनही न पाहता सर्व काही पाहण्याचा दावा करणाऱ्या ज्ञानदृष्टीला ईश्वराचे सोंग घेणारी दृष्टी ठरवले, तेव्हा त्यांनी या भूमिकेला तिचे नेमके रूप दिले. येथे उंची अहंकाराचे पोषण करते.

हे दोन निर्णय परस्परविरुद्ध असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. पाहणाऱ्याला चांगले किंवा वाईट बनवण्याचे सामर्थ्य उंचीच्या ठिकाणी आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. उंचीमुळे जे प्राप्त होते ते पूर्ण आहे असे पाहणारा मानतो की अपूर्ण, यावर त्या दर्शनाचे नैतिक मूल्य ठरत असेल, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. मग विचार करावा लागतो तो उंचीचा नव्हे, तर उंचीवरून दिसलेल्याचे पुढे काय केले जाते याचा.

२

प्रथम या दर्शनातील सौंदर्यानुभवाचा विचार करणे इष्ट ठरेल. खिडकीतून दिसणाऱ्या भूदृश्याचे आकर्षण प्रामुख्याने आकृतीचे आकर्षण असते. नदीचे वळण, तिच्या पात्रातील वाळूचे पट्टे, बांधांनी तुटलेल्या शेतांचे लहानमोठे चौकोन, एखाद्या रस्त्याची सरळ रेषा आणि तिला छेद देणारी ओढ्याची वाकडी रेषा यांच्यामध्ये संबंध प्रस्थापित होतात. बा. सी. मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांना जे मध्यवर्ती स्थान दिले, त्याचे शुद्ध उदाहरण शोधायचे झाल्यास ते येथे सापडावे. या आकृतीत भावनिक साहचर्याचा जवळजवळ पूर्ण अभाव असतो. शेत कोणाचे, विहिरीला पाणी आहे की नाही, रस्ता कोणाच्या घराकडे जातो यांपैकी काहीही त्या उंचीवर पोहोचत नाही. वास नाही, आवाज नाही, ऊन लागत नाही. कलाकृतीच्या बाबतीत जी शुद्धता महत्प्रयासाने साधावी लागते ती येथे केवळ अंतरामुळे आयती मिळते.

ही आयती मिळालेली शुद्धता संशयास्पद का ठरते, याचे एक कारण एडवर्ड बुलो यांच्या १९१२ मधील मानसिक अंतराच्या सिद्धान्तात दडलेले आहे. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण समुद्रावरील धुक्याचे आहे. जहाजावरील प्रवाशाला धुके ही धास्तीची गोष्ट असते. परंतु व्यावहारिक प्रयोजन दूर सारता आले तर तेच धुके सुंदर होते. या उदाहरणाचे सामर्थ्य असे, की तो प्रवासी धुक्यात आहे. धोका खरा आहे आणि अंतर मनाने निर्माण करावे लागते. विमानाच्या खिडकीपाशी मात्र असे कोणतेही मानसिक कार्य घडत नाही. अंतर यंत्राने निर्माण केले आहे. कांटने १७९० मध्ये उदात्ताची मीमांसा करताना, भयंकर निसर्गापुढे उदात्ताचा अनुभव येण्यासाठी पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे, ही अट घातली होती. पण त्या अनुभवाचे सार्थक त्याने सुरक्षिततेत न मानता, पाहणाऱ्याला स्वतःच्या नैतिक सामर्थ्याची जी जाणीव होते तिच्यात मानले. विमानात सुरक्षितता पूर्ण होते आणि ती जाणीव मात्र ऐच्छिक राहते.

मराठीत ज्याला ‘तटस्थ’ म्हटले जाते त्या शब्दाची व्युत्पत्ती या संदर्भात मननीय आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. तो प्रवाहात नाही, पण प्रवाहाच्या काठाशी आहे; पाणी वाढले तर त्याचे पाय भिजतील, कोणी बुडू लागला तर त्याची हाक तटस्थाला ऐकू येईल. ताटस्थ्य ही संकल्पना सान्निध्य गृहीत धरूनच अर्थपूर्ण होते. खिडकीतल्या प्रवाशाला तटच नाही. म्हणून त्याच्या स्थितीला ताटस्थ्य म्हणणेही फारसे अचूक नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात भट्टनायकाने रसप्रतीतीचा विचार करताना ताटस्थ्य आणि आत्मगतत्व हे दोन्ही पर्याय नाकारले. रस परक्याचा म्हणून प्रतीत झाला तर प्रेक्षक कोरडा राहील आणि स्वतःचा म्हणून प्रतीत झाला तर तो लौकिक सुखदुःखात गुंतेल. या पेचातून वाट काढण्यासाठी त्याला साधारणीकरणाची कल्पना मांडावी लागली. साधारणीकरणात विशेष व्यक्ती आणि विशेष स्थळ यांचे बंधन सुटते, पण त्यासाठी ते विशेष आधी नाटकात मूर्त झालेले असावे लागतात. खिडकीतून दिसणारा प्रदेश मुळातच विशेषरहित असतो. ज्याला नाव मिळालेले नाही, त्याच्या बाबतीत नावाचे बंधन सुटले असे म्हणता येत नाही.

३

हे विवेचन प्रत्यक्ष उदाहरणांवर तपासता येते. पूर्वेकडून येणाऱ्या या मार्गावर संबळपूरच्या परिसरात एक अवाढव्य जलाशय दिसतो. त्याचे किनारे फाटलेल्या पानासारखे असतात आणि मध्ये बेटे असतात. हा महानदीवरील हिराकूड जलाशय. १३ जानेवारी १९५७ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सातशेहून अधिक चौरस किलोमीटर पसरते. वरून ही सरोवराची आकृती अत्यंत सुंदर आहे आणि या सौंदर्यात खोटे काहीही नाही. पण जी बेटे दिसतात ते डोंगरांचे माथे आहेत, आणि त्या माथ्यांच्या मधल्या खोऱ्यांत अडीचशेहून अधिक गावांची जमीन होती. लाखाहून अधिक माणसांना तेथून उठावे लागले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेल्या देवळांचे कळस वर येतात. तेही दहा किलोमीटर उंचीवरून दिसत नाहीत. बेट आणि डोंगरमाथा यांच्यात आकृतीच्या दृष्टीने कोणताही भेद नाही. तो भेद इतिहासाचा आहे, आणि इतिहास आकृतीत दिसत नाही.

पुढे भंडारा-गोंदिया भागात उन्हे तिरपी असताना शेकडो तलाव एकामागून एक चकाकून विझतात. हे बहुतांशी माजी मालगुजारी तलाव; स्थानिक बोलीत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कोहळी समाजातील जलकुशल माणसांनी जमिनीचा उतार ओळखून बांधलेली ही व्यवस्था काही शतके चालली. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची देखभाल करणारी गावातील जुनी घडी विस्कटत गेली. मालगुजारीच्या काळातही पाण्याचा हक्क सर्वांना सारखा नव्हता. गाळाने भरलेला आणि नीट राखलेला तलाव वरून सारखाच चमकतो. किंबहुना उथळ पाण्याचा पृष्ठभाग मोठा असेल तर तो अधिकच चमकतो.

येथवरच्या उदाहरणांवरून उंची केवळ लपवते असा निष्कर्ष निघू शकेल. परंतु तो एकांगी होईल. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ही त्याची दुसरी बाजू आहे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला तो एक खोलगट डोह वाटू शकतो. वरून मात्र सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ निर्दोष वर्तुळ दिसते आणि ते आजूबाजूच्या भूरचनेशी विसंगत असल्याचे तत्काळ जाणवते. उंचीने येथे एक प्रश्न निर्माण केला. मात्र त्याचे उत्तर उंचीवर मिळाले नाही. ज्वालामुखी की अशनिपात हा वाद दीर्घकाळ चालला आणि १९७०च्या दशकात, विवरात छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांवरील प्रचंड आघाताच्या खुणा अभ्यासल्यावर अशनिपाताचे मत सिद्ध झाले. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हाही हेच घडले. उपग्रहांच्या छायाचित्रांत रंगबदल स्पष्ट दिसला. पण खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो झाला, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासल्यावर कळले. इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी ॲलेक्झांडर कीलर यांच्यासह १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेला वेसेक्सच्या हवाई छायाचित्रांचा ग्रंथ याच प्रकारचा आहे. जमिनीवरून चालणाऱ्याच्या नजरेतून निसटणाऱ्या प्राचीन शेतांच्या आणि तटबंद्यांच्या रेषा त्यात प्रकट झाल्या. त्यांचा काळ ठरवण्यासाठी मात्र कुदळच लागते.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. उंचीवरून मिळणारे ज्ञान खोटे नसते, पण ते दाव्याच्या स्वरूपाचे असते. त्याचा पुरावा खाली असतो. जोवर पाहणारा हे जाणतो तोवर उंची ही ज्ञानाची एक अवस्था आहे. हे भान सुटले की तीच अवस्था निर्णयाची जागा घेते, आणि तेथे ज्ञानाचा प्रश्न नीतीचा प्रश्न बनतो.

४

दाव्याने निर्णयाची जागा घेतली म्हणजे काय होते, याचे टोकाचे उदाहरण विमानाच्या इतिहासाच्या प्रारंभीच सापडते. १ नोव्हेंबर १९११ रोजी जूलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने लिबियातील ऐन झारा येथे हाताने लहान बाँब खाली टाकले. मानवाने यंत्राच्या साहाय्याने उडायला लागून तेव्हा आठ वर्षेही झाली नव्हती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे विमान सुमारे साडेनऊ किलोमीटर उंचीवर होते. म्हणजे आजचे प्रवासी विमान ज्या थरातून जाते त्याच्या जवळपास. लक्ष्य म्हणून आयोई पूल निवडला गेला होता. या पुलाचा आकार इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा असल्याने तो वरून सहज ओळखू येत होता. बाँब पुलापासून काहीसा दूर, शिमा नावाच्या रुग्णालयाच्या वर फुटला. पूल ही आकृती होती म्हणून ती दिसली. रुग्णालयाला वरून ओळखता येईल अशी आकृती नव्हती. जी स्पष्टता सौंदर्यानुभवाला कारण होते तीच येथे नेम धरण्याच्या उपयोगी पडली. यावरून आकृतीचा आस्वाद घेणारा प्रत्येक प्रवासी संभाव्य संहारक ठरतो असे म्हणणे अतिशयोक्त होईल. पण सौंदर्यदृष्टी स्वभावतःच निरुपद्रवी असते हा समज येथे टिकत नाही, एवढे नक्की.

याच प्रवृत्तीचे सौम्य आणि नित्य परिचयाचे रूप प्रशासनात दिसते. ‘हवाई पाहणी’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या सार्वजनिक भाषेत रूढ आहे. पूर, अतिवृष्टी किंवा अवर्षण यांनंतर सत्ताधाऱ्यांनी आकाशातून केलेला तो दौरा असतो. मराठी भाषेने या शब्दावर आपला निर्णय केव्हाच दिलेला आहे. कारण हवेत इमले बांधण्याच्या भाषेत ‘हवा’ हा निराधारपणाचाच पर्याय आहे. मात्र ‘पाहणी’ हा शब्द गंभीर आहे. पीकपाहणी, पीककापणी, पैसेवारी या महसुली व्यवहारात कोणीतरी शेताच्या बांधावर उभे राहते, ठरावीक तुकड्यातील पीक कापते, धान्य मोजते. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की गाव टंचाईग्रस्त ठरत असे. या पद्धतीत हितसंबंध शिरत, चुका होत; पण चूक कोणी केली ते विचारता येत होते. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने उपग्रहावरून मिळणाऱ्या वनस्पती-निर्देशांकांना आणि मातीतील ओलाव्याच्या निर्देशांकांना स्थान दिले. ही उंची हवाई पाहणीपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि तरी ती अधिक प्रामाणिक असू शकते; कारण त्याच संहितेत निवडलेल्या गावांतील शेतात जाऊन ‘सत्यमापन’ करण्याची तरतूद आहे. सत्यमापन हा कार्यालयीन परिभाषेतला शब्द आहे, पण प्रस्तुत विवेचनाचा आशय त्यात नेमका सामावला आहे. वरून पाहणाऱ्याने आपल्या दर्शनावर खालच्या माणसाला प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, तर उंची उत्तरदायी होते. तो हक्क कागदावर राहिला, तर उपग्रहाची पाहणीही हवाईच ठरते.

५

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. खाली उतरणे म्हणजे जवळ जाणे, आणि जवळ जाणे म्हणजे नैतिक होणे, असे समीकरण वरील विवेचनातून सूचित होत असेल तर ते भारतीय वास्तवात तग धरणार नाही. सान्निध्य आणि करुणा यांचा संबंध अनिवार्य नाही. मराठी खेड्यात शतकानुशतके माणसे एकमेकांना रोज पाहत होती, नावाने ओळखत होती, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणवठ्यापासून दूरही ठेवत होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला राज्यरचनेचा पाया मानण्यास जो नकार दिला, तो या सान्निध्याच्या अनुभवातूनच आला होता. ज्यांच्या नजरेला अंतर ठाऊक नव्हते त्यांना गाव आणि वाडा यांच्यामधील मोकळी जागा हा निसर्गक्रमच वाटत होता. विमान उतरू लागते आणि घरांची छपरे सुटी दिसू लागतात, तेव्हा एखाद्या गावाच्या मुख्य पुंजक्यापासून थोड्या अंतरावर असलेला दुसरा लहान पुंजका खिडकीतून दिसतो. गावात राहणाऱ्याला सवयीने न दिसणारी गोष्ट येथे भूमितीच्या रूपाने समोर येते. म्हणून उंचीचा सरसकट निषेध करता येत नाही. काही अन्याय उंचीवरूनच प्रथम अन्याय म्हणून ओळखू येतात. समता, नागरिकत्व, मानवी हक्क या संकल्पनाही एका अर्थी उंचीवरच्याच आहेत, कारण विशेषांपासून दूर गेल्याखेरीज त्यांचा उच्चार करता येत नाही.

आधुनिक साहित्यविचारात या प्रश्नाची जी मांडणी झाली ती मुख्यतः शहराच्या संदर्भात. रोलाँ बार्थ यांनी १९६४ मधील आयफेल टॉवरवरील निबंधात उंचीवरून शहर वाचनीय होते, त्याची संरचना उलगडता येते, हे दाखवले. मिशेल द सर्तो यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११०व्या मजल्यावरून पाहणाऱ्याचा विचार केला आणि रस्त्यावर चालणारे लोक जे लिहितात ते वरून वाचणाऱ्याला कळत नाही, असे प्रतिपादन केले. ती इमारत २००१ मध्ये विमानांच्याच आघाताने कोसळली. या दोन्ही मांडण्यांत एक गोष्ट गृहीत आहे, की मनोऱ्यावरचा माणूस अखेर खाली येतो आणि जे शहर त्याने वरून पाहिले त्याच शहरात चालू लागतो. विमानाच्या प्रवाशाची स्थिती निराळी आहे. तो उतरतो, पण जे पाहिले तेथे उतरत नाही. संबळपूर, तुमसर, मेहकर ही त्याच्या दृष्टीने मधली ठिकाणे आहेत. देशाचा बहुतांश भाग त्याच्यासाठी मधला होऊन जातो. प्रश्नाची खरी अडचण येथे आहे. जेथे कधीच उतरायचे नाही त्या जागेविषयी पाहणाऱ्यावर काही दायित्व येते का?

६

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कालिदासाच्या साहित्यासारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल. प्रत्यक्ष उड्डाणाचा अनुभव नसलेल्या या कवीने आकाशातून भूमी पाहण्याचा प्रसंग तीनदा, तीन वेगवेगळ्या नैतिक परिस्थितींत रचला आहे.

‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून लंकेहून अयोध्येला येताना सीतेला खालचा प्रदेश दाखवतो. दूरवरून मंदाकिनी भूमीच्या गळ्यातील मोत्यांच्या माळेसारखी दिसते. म्हणजे उंचीने येणारे आकृतीचे सौंदर्य येथे आहेच. परंतु राम जे दाखवतो त्यातील बरेचसे त्याने पायी तुडवलेले आहे. सीतेचे नूपुर ज्या जागी सापडले ती जागा तो ओळखतो. विरहातील पावसाळा ज्या पर्वतावर काढला तो पर्वत दाखवतो. येथे पाहणे हे सांगणे आहे आणि ऐकणारी व्यक्ती शेजारी आहे. स्मृतीने भारलेले हे दर्शन आदर्श मानावे असा मोह होतो. मात्र पुढचाच सर्ग सीतात्यागाचा आहे. ज्याने आकाशातून प्रत्येक जागेचे दुःख ओळखले, तो जमिनीवर येताच लोकापवादापुढे तिला वनात पाठवतो. स्मृती आणि सहानुभूती यांनी समृद्ध झालेली दृष्टीही पुढच्या कृतीची हमी देत नाही, हे कालिदासाने दोन सर्ग शेजारी ठेवून दाखवून दिले आहे.

‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात याच्या उलट घडते. इंद्राच्या साह्यासाठी गेलेला दुष्यंत मातलीच्या रथातून उतरत असताना त्याला पर्वतशिखरांवरून पृथ्वी खाली सरकल्यासारखी वाटते, झाडे पानांतून वेगळी होतात, बारीक रेघेसारख्या नद्या रुंद होतात, आणि कोणी तरी भुवनच वर फेकून आपल्याजवळ आणत आहे असा भास होतो. हे वर्णन उंचीचे नसून उतरण्याचे आहे. रथ टेकला तरी चाकांचा आवाज होत नाही, धूळ उडत नाही. राजाला जमीन लागल्याचे कळतही नाही. त्यानंतर त्याला सिंहाच्या छाव्याशी खेळणारा मुलगा दिसतो, आणि मग जिला त्याने ओळखण्यास नकार दिला होता ती शकुंतला. तो तिच्या पायांवर डोके ठेवतो. रथाच्या चाकांना जे जमिनीला लागणे नव्हते ते येथे घडते. उतरणे ही केवळ स्थलांतराची क्रिया नसून आपण केलेल्या विस्मरणाला सामोरे जाणे आहे, असा या अंकाचा अर्थ होतो.

तिसरा प्रसंग ‘मेघदूता’तील आहे आणि तो याच विमानमार्गाशी भौगोलिकदृष्ट्याही निगडित आहे. काव्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत वा. वि. मिराशींनी पुरस्कारले, सुरगुजातील रामगढ हा दुसरा पर्याय सुचवला गेला. दोन्ही ठिकाणे या मार्गाच्या उत्तरेला येतात. यक्ष स्वतः उडत नाही. तो खाली उभा राहून उडणाऱ्याला वाट सांगतो. त्याने सांगितलेली वाट कर्तव्यांनी भरलेली आहे. आम्रकूटावरचा वणवा विझवावा, थकल्यावर डोंगरमाथ्यावर टेकावे, पाणी झडल्यावर नदीचे पाणी प्यावे, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी टाळू नये. आकाशगामींना चर्मण्वतीचा प्रवाह मोत्यांच्या एकेरी सरासारखा दिसेल, हे सौंदर्यही त्यात आहे. परंतु सर्वांत लक्षणीय स्थळ माळावरच्या शेतांचे आहे. तेथे नुकत्याच नांगरलेल्या जमिनीवरून जाताना खेड्यातील स्त्रिया प्रेमाने भिजलेल्या डोळ्यांनी मेघाकडे पाहतील. कारण पिकाचे फळ त्याच्यावर अवलंबून आहे. येथे वरून पाहणाऱ्याला खालून पाहिले जाते. न दिसता पाहण्याचा जो अधिकार उंची देते तो मेघाला मिळत नाही. तो दिसतो, म्हणून बांधलेला आहे.

जेथे उतरायचे नाही तेथील दायित्वाचा प्रश्न या ठिकाणी काहीसा सुटतो. मेघही प्रत्येक शेतात उतरत नाही. तो पुढे जातो. पण आपल्या जाण्याचा खालच्यांशी काय संबंध आहे हे त्याला सांगितले गेले आहे. खिडकीतल्या प्रवाशाचाही हिराकूडशी संबंध आहे. तेथील वीज आणि पोलाद, विस्थापितांच्या जमिनीवरून आलेली समृद्धी त्याच्या आयुष्यात कोठे ना कोठे पोहोचलेली असते. हा संबंध आकृतीत दिसत नाही, तो जाणून घ्यावा लागतो. पाण्याचे नाव विचारणे, बेट हे पूर्वी काय होते हे शोधणे, ही उतरण्याची अशी रूपे आहेत की ज्यांसाठी विमान थांबावे लागत नाही.

७

साहित्यसमीक्षेला हा प्रश्न परका नाही. पाश्चात्त्य भाषांतील सिद्धान्तवाचक शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत पाहण्याशीच जोडलेले आहे आणि सिद्धान्त नेहमी काही उंचीवरून पाहतो. फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये दूरस्थ वाचनाचा पुरस्कार केला तेव्हा हजारो ग्रंथांतील आकृतिबंध पाहण्यासाठी एकेका ग्रंथापासून दूर जाणे ही ज्ञानाची अटच असल्याचे त्यांनी मांडले. लोणारच्या वर्तुळाप्रमाणे या दृष्टीनेही खरे प्रश्न हाती येतात. मराठी समीक्षेत मात्र ही उंची फार आधीपासून, बहुधा नकळत, रूढ आहे. दलित साहित्याचा प्रवाह, ग्रामीण साहित्याचा प्रवाह, स्त्रीवादी प्रवाह या शब्दरचनेत साहित्याचा इतिहास वरून दिसणाऱ्या नद्यांच्या नकाशासारखा मांडला जातो. प्रवाह कोठे उगम पावला, कोठे मिळाला, हे त्यात कळते. एखाद्या आत्मकथनातील वाक्य कोणत्या तहानेतून लिहिले गेले ते कळत नाही. पाणवठ्याचा हक्क ज्या साहित्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यालाच प्रवाह म्हणून दुरून पाहण्यात एक विसंगती आहे. नकाशा आवश्यक आहे. तो संपूर्ण आहे असे मानणारी समीक्षा ही हवाई पाहणी होय. तिला एकेका संहितेपुढे, एकेका वाक्यापुढे सत्यमापनासाठी यावे लागेल.

मुंबई जवळ येते तशी सह्याद्रीची कड मागे पडते, खाडीचे पाणी दिसते आणि विमान घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने खाली येऊ लागते. टेकड्यांच्या उतारावर एकमेकांना टेकलेली छपरे, पत्र्यावर अंथरलेली निळी ताडपत्री, ती वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेले दगड आणि टायर एकेक करून ओळखू येतात. काही क्षण आकृती आणि माणूस दोन्ही एकाच वेळी दिसतात. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई मान वर करत नाही. दर काही मिनिटांनी एक विमान तिच्या डोक्यावरून जाते आणि तिचे कोणतेही पीक त्यावर अवलंबून नाही. माळावरच्या स्त्रियांनी मेघाला जो मान दिला होता तो या विमानाला मिळण्याचे कारण नाही. खिडकीतून पाहणाऱ्याला कोणी बांधून ठेवलेले नाही. म्हणूनच त्याचे दायित्व बाहेरून येणार नाही, ते त्याला स्वतः मान्य करावे लागेल. चाके धावपट्टीला टेकतात तेव्हा आवाज होतो, धूळही उडते. दुष्यंताच्या रथाला जे नव्हते ते येथे आहे. पण जमीन लागली की नाही, हे त्यानंतरच ठरायचे असते.